बीएफएला जाताय? दोन्ही प्रकारचे कागद सांभाळा

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी गावाकडून फोन सुरू होतात, "दादा, पोरीचा हात चांगलाय, सगळे म्हणतात आर्टला घाला, पण घालायचं म्हणजे नक्की कुठं?" तेच तेच फोनवर सांगून घसा बसला म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. मी कराडचा, शाळा मराठी मिडियम, घरात चित्रकलेशी कुणाचा संबंध नाही, आजी दारात ठिपक्यांची रांगोळी काढायची तेवढाच. अप्लाइड आर्टला मुंबईत शिकलो. त्या चार वर्षांत चांगला हात असलेली पोरं मागे पडताना बघितली आणि साधारण हाताची पोरं पुढे जाताना पण बघितली, आणि मला विचाराल तर फरक बहुतेक वेळा कागदाचा होता. कागद दोन प्रकारचे, एक दाखल्यांचे आणि दुसरे कार्ट्रिजचे, म्हणजे चित्राच्या जाड शीटचे. पहिले वेळेत नसतील तर सीट जाते, दुसरे वेळेत नसतील तर वर्ष जातं.

१. फाइन आर्ट, अप्लाइड की डिझाइन, हे आधी ठरवा

घरचे म्हणतात "सगळं ड्रॉइंगच ना". नाही. आमच्याकडे स्टँडसमोर एक रसवंती आहे, तिच्यावरून सांगतो. पेंटिंगवाला तिथली दुपार रंगवेल, हिरव्या कापडातून आलेला उजेड, घुंगरांचं चाक, बाकावर पेंगणारा म्हातारा. स्कल्प्चरवाला चरकात ऊस लोटणाऱ्या माणसाच्या खांद्याकडे बघत बसेल. अप्लाइडवाला त्या रसवंतीचा बोर्ड, अक्षरं, ग्लासावरचं चित्र, जाहिरात करेल. टेक्स्टाइलवाला ते हिरवं कापड घेऊन त्याचं रिपीट पॅटर्न काढेल. आणि बी.डेस.वाला, म्हणजे डिझाइनची डिग्री करणारा, विचारत बसेल की ऊस लोटताना हात चरकाच्या इतका जवळ का जातो, मशिनचा आकार बदलला तर? पाचही कामं चांगली, पण तुम्हाला रोज सकाळी उठून यातलं कुठलं करायला आवडेल ते बघा.

बीएफए म्हणजे बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स, चार वर्षांची डिग्री. त्यात पेंटिंग, शिल्पकला, अप्लाइड आर्ट, टेक्स्टाइल, सिरॅमिक, मेटल, इंटिरियर असे विभाग असतात, सगळे सगळीकडे नसतात. बी.डेस. हा वेगळा रस्ता, त्याच्या परीक्षा पण वेगळ्या. आयआयटी मुंबई २०१५ पासून यूसीड घेते, एनआयडीची डॅट असते (ती दोन टप्प्यांत, दुसऱ्या टप्प्यात हाताने वस्तू बनवायला पण लावतात), निफ्टची स्वतःची. या परीक्षांचे फॉर्म बारावीच्या बोर्डाच्या खूप आधी सुटतात, दिवाळीच्या आसपासपासूनच लक्ष ठेवावं लागतं. मे महिन्यात फोन करून "यूसीड द्यायची होती" म्हणणारी दोन-तीन पोरं मला दरवर्षी भेटतात.

अजून एक गोंधळ म्हणजे डिग्री आणि डिप्लोमा. जी.डी.आर्ट, फाउंडेशन, ए.टी.डी. हे डिप्लोमाच्या बाजूचे सरकारमान्य कोर्स आहेत. ए.टी.डी. म्हणजे शाळेत ड्रॉइंग टीचर व्हायचं असेल तर. हे कोर्स वाईट अजिबात नाहीत, मोठे मोठे चित्रकार जी.डी.आर्टवाले आहेत, पण आपण ॲडमिशन कशाला घेतोय ते माहीत पाहिजे. एकाच इमारतीत डिग्री आणि डिप्लोमा दोन्ही चालतात आणि काउंटरवरचा माणूस विचारल्याशिवाय सांगत नाही. तेव्हा थेट विचारा, "ही युनिव्हर्सिटीची डिग्री आहे का? कुठल्या युनिव्हर्सिटीची?"

अप्लाइडमध्ये नोकरी मिळते म्हणून पेंटिंगची आवड दाबून अप्लाइड घेऊ नका, हे मात्र मी हट्टाने सांगतो. आमच्या वर्गात असे चार होते, चौघंही तिसऱ्या वर्षापर्यंत कंटाळले. आणि उलटंही, "कलाकार व्हायचंय" म्हणून पेंटिंगला जाऊन चार वर्षं लोगोच करत बसलेला पण एक होता.

२. कॉलेज स्वतः जाऊन बघा

सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, जे.जे., म्हणजे मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. साहजिक आहे, १८५७ साली सर जमशेटजी जीजीभाईंच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून सुरू झालेली संस्था, सीएसएमटी स्टेशनातून बाहेर पडलं की चालत पाच-सात मिनिटं. २०२३ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामुळे तिथल्या प्रवेशाची सूचना दरवर्षी त्यांच्या वेबसाइटवर वेगळी बघत जा, जुन्या सिनियरच्या सांगण्यावर राहू नका.

पण जे.जे. म्हणजेच आर्ट कॉलेज असं नाही. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी कला महाविद्यालयं आहेत, पुण्यात अभिनव आणि भारती विद्यापीठ, मुंबईत रहेजा, रचना संसद, कोल्हापुरात कलानिकेतन आणि दळवीज, चिपळूणजवळ सावर्ड्याला सह्याद्री. गोव्याचं कॉलेज पणजीत आल्तिनोच्या टेकडीवर. महाराष्ट्राबाहेर मराठी पोरं पूर्वीपासून जातात ते बडोद्याला, तिथल्या एम. एस. युनिव्हर्सिटीच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीत चित्रकार ना. श्री. बेंद्रे सुरुवातीच्या काळात शिकवायला होते, त्यामुळे आपल्याकडच्या पेंटिंगवाल्यांना बडोद्याचं आकर्षण जुनंच आहे. तिथली प्रवेश परीक्षा वेगळी, फॉर्म वेगळा.

जमलं तर कॉलेजच्या वार्षिक प्रदर्शनाला जा, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत असतं. भिंतीवरची पहिल्या नंबरची चित्रं बघू नका, ती सगळीकडे भारीच असतात. कोपऱ्यात लावलेली, बक्षीस न मिळालेली बघा, त्यावरून कॉलेजची सरासरी कळते. मग एखाद्या सिनियरला चहाला घेऊन जा आणि तीन गोष्टी विचारा. सिरॅमिकची भट्टी खरंच पेटते का? प्रिंटमेकिंगचं प्रेस चालू आहे का त्यावर कपडे वाळत असतात? आणि वर्ग सुटल्यावर किती वाजेपर्यंत आत बसू देतात? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. तुमच्या हॉस्टेलच्या खोलीत चारजण राहणार, तिथं अर्धा इम्पिरियल, म्हणजे १५ बाय २२ इंची बोर्ड कुठं ठेवणार?

फीबद्दल एवढंच सांगतो की सरकारी कला महाविद्यालयाची फी आणि खासगी डिझाइन इन्स्टिट्यूटची फी यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि खासगीचं माहितीपत्रक गुळगुळीत कागदावर छापलेलं असतं म्हणून शिक्षण चांगलं असतं असं नाही.

३. दाखले जानेवारीतच काढायला घ्या

आता पहिल्या प्रकारचे कागद. आमच्या क्षेत्रातली पोरं इथंच मार खातात, कारण ड्रॉइंगचा सराव चालू असतो आणि तहसीलला हेलपाटे मारायचा कंटाळा.

साधारण ही यादी, ज्याला जे लागू:

- दहावी, बारावीचं मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला
- डोमिसाइल आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला
- जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र म्हणजे व्हॅलिडिटी
- नॉन क्रिमी लेयर, किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला
- उत्पन्नाचा दाखला
- आधार, बँक पासबुक (आधार लिंक असलेलं, शिष्यवृत्ती त्यातच येते)
- इंटरमिजिएटचं (शाळेत असताना देतात त्या सरकारी ड्रॉइंग परीक्षेचं) सर्टिफिकेट असेल तर
- मधे वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र
- पासपोर्ट फोटो भरपूर आणि सहीचा स्कॅन

व्हॅलिडिटीला महिने लागतात, हे खरंच महिने. अकरावीत असाल तर आत्ताच कॉलेजातून अर्ज करा.

माझी फजिती सांगतो. माझ्याकडे नॉन क्रिमी लेयर होतं, छान लॅमिनेशन करून ठेवलेलं. पडताळणीच्या टेबलावर बाईंनी ते उजेडाकडे धरून बघितलं आणि म्हणाल्या, "हे तर ३१ मार्चला संपलंय." त्यावर वैधता लिहिलेली असते हे मला माहीतच नव्हतं, दाखला म्हणजे दाखला, एकदा काढला की झाला असं वाटायचं. मग दोन दिवसांत नवीन काढायला गावी पळालो, कार्यालयात (कुठलं ते जाऊ द्या) सर्व्हर डाऊन, तिसऱ्या दिवशी आमचे वडील दिवसभर तिथल्या पायरीवर बसून राहिले तेव्हा संध्याकाळी सही झाली. तेव्हा प्रत्येक दाखल्यावरची तारीख बघा, आणि मूळ कागदाला लॅमिनेशन करू नका, काही ठिकाणी शिक्का मारायचा असतो, तो प्लॅस्टिकवर बसत नाही.

सगळ्याचे स्कॅन मोबाइलमध्ये, मेलवर आणि घरी एकाकडे ठेवा. तीन सेट झेरॉक्स. एक बटणवाली प्लॅस्टिक फाईल, तिच्यात दुसरं काही घालायचं नाही.

४. सीईटी: हाताआधी डोळा

महाराष्ट्रात बीएफएसाठी राज्य सीईटी सेल एएसी सीईटी (कला शाखांची प्रवेश परीक्षा) घेतो. बारावी कुठल्याही शाखेतून चालते, किमान टक्के किती ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघा. परीक्षेत चार भाग: ऑब्जेक्ट ड्रॉइंग, डिझाइन, मेमरी ड्रॉइंग आणि जनरल नॉलेज. एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्यांना पहिले तीन ओळखीचे वाटतील, वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र, तेच. अजून नववी-दहावीत असाल आणि हे वाचत असाल तर इंटरमिजिएट द्याच. दहावीला ए ग्रेडचे ७, बी चे ५, सी चे ३ वाढीव गुण मिळतात ते आहेच, पण वेळ लावून चित्र पुरं करायची सवय लागते ती जास्त कामाची.

ऑब्जेक्ट ड्रॉइंग. इथं सगळ्यात जास्त चुका होतात त्या गोल तोंडाच्या वस्तूंत. समोर तांब्या ठेवलाय असं समजा. ९० टक्के पोरं तोंडाचं लंबवर्तुळ काढताना दोन्ही टोकं भाकरी दुमडल्यासारखी टोकदार करतात, आणि बूड मात्र पट्टीने मारल्यासारखं सरळ. कारण टेबल सपाट आहे हे आपल्याला *माहीत* असतं, म्हणून हात सरळ रेघ मारतो. डोळा काय बघतोय ते काढा. तांब्या डोळ्याच्या पातळीखाली असेल तर तोंडाचं वर्तुळ चपटं दिसतं आणि बुडाचं त्याच्यापेक्षा जास्त गोल, कारण ते डोळ्यापासून अजून खाली आहे. विश्वास नसेल तर स्टीलचा ग्लास घ्या, तोंड डोळ्यासमोर आणा, तोंडाची नुसती रेघ दिसेल, मग हळूहळू खाली न्या आणि ती रेघ उघडत जाताना बघा. हा प्रकार मला कुणी दहावीत दाखवला असता तर दोन वर्षं वाचली असती. आणि टोकं कधीच टोकदार नसतात, कितीही चपटं वर्तुळ असलं तरी टोकाला वळण असतं.

दुसरी चूक, वस्तू कागदाच्या मधोमध एवढ्याशा काढायच्या, भोवती मोकळं मैदान. किंवा एवढ्या मोठ्या की किटलीची चोच कागदाबाहेर. पहिली पाच मिनिटं नुसती मापं घ्या, हात सरळ ठेवून, पेन्सिल आडवी-उभी धरून, एक डोळा मिटून. बाजूचा शेडिंगला लागला म्हणून घाबरायचं नाही. शेडिंग बोटाने चोळू नका, सगळं ढगाळ होतं. मांडलेल्या वस्तूंमध्ये सगळ्यात गडद जागा कुठली आणि सगळ्यात उजळ कुठली ते आधी ठरवा, बाकीचे टोन त्यांच्या मधे बसवा.

मेमरी ड्रॉइंग. विषय ओळखीचे येतात, बाजार, बसस्टॉप, सण, शाळेचं मैदान असे. क्लासमध्ये एक तयार चित्र पाठ करून घेतात, तीन माणसं आणि एक झाड, तेच बाजारात, तेच जत्रेत, तेच रेल्वे स्टेशनवर. तपासणाऱ्यांनी ती तीन माणसं हजार वेळा बघितलेली असतात हो. त्यापेक्षा रोज अर्धा तास स्टँडवर बसून माणसं काढा, पाच मिनिटांत एक. पिशवीचं ओझं असलं की उलट्या बाजूचा खांदा कसा झुकतो, बाई लेकराला कडेवर घेते तेव्हा कंबर कुठं जाते, हे एकदा काढलं की डोक्यात राहतं. सगळी माणसं एका रांगेत, एकाच उंचीची, समोर बघणारी काढू नका, शाळेच्या ग्रुप फोटोसारखं दिसतं. कुणाची तरी पाठ दिसू दे, कुणीतरी अर्धं चौकटीबाहेर जाऊ दे.

डिझाइनला पोस्टर कलर लागतो आणि तिथं सगळा खेळ पाण्याचा. रंग ताकासारखा पातळ झाला तर पट्टे दिसतात, श्रीखंडासारखा घट्ट राहिला तर ब्रश ओढत नाही आणि वाळल्यावर तडे जातात. साधारण आटलेल्या बासुंदीसारखा पाहिजे. जी शेड मिक्स कराल ती लागेल त्यापेक्षा जास्तच करा, छोट्या डबीत, कारण अर्ध्यात संपली तर तीच शेड परत जमत नाही, वाळल्यावर रंग ओल्यापेक्षा वेगळा दिसतो आणि तिथंच ठिगळ लावल्यासारखं होतं. तीन-चार रंगांतच भागवा. बावीस बाटल्या नेल्या म्हणजे बावीस वापरायलाच पाहिजेत असं नाही.

जनरल नॉलेजला कला, डिझाइन, वास्तू, चित्रकार, आणि इतर साधं सामान्य ज्ञान असं बघून जा. अजिंठा-वेरूळ, राजा रवि वर्मा, वारली, पैठणी, कुठली कला कुठल्या राज्याची, कुठला रंग कशातून होतो, असलं. पोरं हा पेपर गृहीत धरतात आणि यादीत पन्नास नंबर मागे जातात.

परीक्षेला ड्रॉइंगचा कागद तिथं मिळतो, बाकी बोर्ड, क्लिपा, रंग, पाण्याचं भांडं, फडकं सगळं आपलं. हॉल तिकिटावरच्या सूचना आदल्या रात्री परत वाचा. काळी बॉलपेन पण ठेवा, चित्रकार पेन विसरतात.

५. कॅप राउंड, इथं झोपू नका

सीईटीत चांगला नंबर आला म्हणजे ॲडमिशन झाली असं समजून आमच्या गावचा एक पोरगा मामाकडे सुट्टीला गेला. सीईटीचा फॉर्म वेगळा आणि कॅपची, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची नोंदणी वेगळी असते. नोंदणी, कागदपत्रांची पडताळणी, मेरिट लिस्ट, मग कॉलेजांचा पसंतीक्रम, मग वाटप, मग सीट स्वीकारून ठरलेल्या तारखेच्या आत कॉलेजात हजर होणं, प्रत्येकाला वेगळी तारीख. मेसेज येईल याची वाट न बघता रोज सकाळी वेबसाइट उघडायची, दात घासण्यासारखं.

कच्ची मेरिट लिस्ट लागली की आपलं नाव, प्रवर्ग, मार्क सगळं तपासा, चूक असेल तर हरकत घ्यायला थोडेच दिवस असतात.

पसंतीक्रम भरताना "हे मिळणार नाही" म्हणून आवडतं कॉलेज खाली टाकू नका. वाटप तुमच्या नंबरावर होतं, वर टाकलं म्हणून खालचं हातचं जात नाही. आणि जिथं मिळालं तरी जायचंच नाही असं कॉलेज यादीत भरूच नका. पसंतीक्रमाचं प्रिंट काढून ठेवा, सायबर कॅफेवाल्याने भरलेला फॉर्म स्वतः ओळ न् ओळ वाचा. पेंटिंग आणि अप्लाइडचे कोड वेगळे असतात, एक आकडा चुकला की चार वर्षं बदलतात.

६. सामान: पहिल्या दिवशी दुकान घरी आणू नका

ॲडमिशन झाली की मामा-काका विचारतात काय घेऊन देऊ, आणि आपण उत्साहात सगळं घेतो. थांबा. पहिल्या आठवड्यात सर स्वतः यादी देतात आणि प्रत्येक सरांचं काहीतरी खास असतं, कुणाला ठरावीक कंपनीचाच कागद लागतो. सुरुवातीला एवढं पुरतं:

- अर्धा इम्पिरियल ड्रॉइंग बोर्ड आणि चार दणकट क्लिपा (पूर्ण इम्पिरियल म्हणजे २२ बाय ३० इंच, त्याचा अर्धा १५ बाय २२)
- कार्ट्रिज शीट डझनाने, सुटी घेऊ नका, महाग पडते
- पेन्सिली एचबी, २बी, ४बी, ६बी, आणि मळता येणारं खोडरबर
- पोस्टर कलर: लाल, पिवळा, निळा, काळा, आणि पांढरा मोठी बाटली, पांढराच सगळ्यात आधी संपतो
- राउंड ब्रश २, ६, १० आणि एक फ्लॅट, सिंथेटिक चालतात
- स्टीलची फूटपट्टी, कटर, फेविकॉल, मास्किंग टेप
- स्केचबुक, खिशात किंवा सॅकमध्ये मावेल असं
- जुना शर्ट

प्लॅस्टिकच्या पट्टीवर कटर चालवू नका. पट्टीचा काठ कापला जातो आणि मग बोट. माझ्या डाव्या अंगठ्यावर अजून खूण आहे.

मुंबईत असाल तर क्रॉफर्ड मार्केट आणि अब्दुल रहमान स्ट्रीटच्या बाजूला, पुण्यात अप्पा बळवंत चौकात कागद-पुठ्ठा पाच-सहाजणांनी मिळून घ्या, फरक पडतो. महागाचे वॉटर कलर, इझल, ऑइलचा सेट, हे सगळं नंतर. पास होणारे सिनियर बोर्ड आणि टी-स्क्वेअर अर्ध्या किमतीत विकतात, जून-जुलैत नोटीस बोर्ड बघा.

लॅपटॉप पहिल्या वर्षाला लागत नाही. खरंच नाही. वडिलांनी कर्ज काढून घेऊन दिलेला लॅपटॉप पोरं वर्षभर सिनेमे बघायला वापरतात आणि तिसऱ्या वर्षी जेव्हा सॉफ्टवेअर चालवायची वेळ येते तेव्हा तो जुना झालेला असतो.

७. पहिलं वर्ष म्हणजे शीट मोजायचं वर्ष

पहिल्या वर्षाला फाउंडेशन म्हणतात, त्यात निसर्गचित्र, ऑब्जेक्ट, टू-डी, थ्री-डी, रंग, अक्षरलेखन, प्रिंट, असं सगळं थोडं थोडं असतं, वर थिअरी म्हणजे कलेचा इतिहास. शाळेत आपण वर्गातले एकटे चित्रकार असतो. इथं आल्यावर पहिल्या दिवशी कळतं की इथं प्रत्येकजण आपल्या शाळेतला एकटा चित्रकार होता. हा धक्का बसतोच, दोन-तीन महिने राहतो. कुणाच्या तरी बोर्डाकडे बघून आपला फाडावासा वाटतो. फाडू नका, शीट लागते मोजायला.

कारण प्रत्येक विषयाच्या किती शीट ते ठरलेलं असतं आणि त्या सरांकडून तपासून सही घेऊन ठेवायच्या असतात. सही त्याच आठवड्यात घ्या. "नंतर एकदम घेतो" म्हणणाऱ्यांचं काय होतं सांगतो. सबमिशनच्या आधीच्या आठवड्यात सरांच्या केबिनबाहेर रांग, सर एकेक शीट बघून म्हणतात हे परत कर, ते परत कर, आणि मग रात्री अकरा वाजता हॉस्टेलच्या व्हरांड्यात पंचवीस रंगचक्रं वाळत घातलेली, कुणीतरी त्यावर पाय देऊन जातं. मी पहिल्या सत्रात यातूनच गेलो. वर आणखी एक शहाणपणा केला, ऑगस्टमध्ये बारा शीट गुंडाळून वर्तमानपत्रात बांधून लोकलने निघालो, मशीद बंदरला उतरेपर्यंत पाऊस आडवा. पोस्टर कलरला पाणी लागलं की काय होतं ते बारा वेळा एकदम बघितलं. त्या दिवशी संध्याकाळी प्लॅस्टिकचा ट्यूब कॅरियर घेतला. तुम्ही पहिल्याच आठवड्यात घ्या. आणि पूर्ण झालेल्या शीट गुंडाळून ठेवायच्याच नाहीत, दोन पुठ्ठ्यांच्या मधे सपाट, गादीखाली. पोस्टर कलरचं काम गुंडाळलं की तडकतं.

करेक्शनबद्दल. सर येतात, तुमच्या हातातली पेन्सिल घेतात आणि तुम्ही तीन तास केलेल्या चित्रावर सरळ जाड रेघ मारतात, "हे इथं पाहिजे." पहिल्यांदा डोळ्यांत पाणी येतं. माझ्या पण आलेलं. पण ती रेघ पुसू नका, घरी नेऊन बघा, बहुतेक वेळा रेघ बरोबर असते. कधीकधी नसतेही, पण हे म्हणायला एक वर्ष जाऊ द्या. रिव्ह्यूला सगळ्यांसमोर चित्र लावतात तेव्हा "सर वेळ मिळाला नाही" हे सोडून काहीही बोला. दुसऱ्यांच्या चित्रांवर सर काय बोलतायत ते वहीत लिहून घ्या, आपला नंबर झाला की पोरं मोबाइल काढतात आणि फुकटचं शिक्षण घालवतात.

आउटडोअर स्केचिंग मनापासून करा. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या बाहेर उभे राहिलात तर दरवाजावरची दगडी शिल्पं वर मान करून बघा, ती लॉकवुड किपलिंगच्या डिझाइनची, जे समोरच जे.जे.मध्ये शिकवायचे. कोल्हापूरवाल्यांना रंकाळा आहेच. लोक जमतात, "माझं काढा की" म्हणतात, एखादा काका "हात मोठा झालाय" असं बरोबर सांगून जातो. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत जा, १९५२ पासून तिथं दर आठवड्याला नवीन काहीतरी लागतंय, तिकीट नाही. बॉम्बे आर्ट सोसायटी आणि राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थ्यांचा वेगळा विभाग असतो, दुसऱ्या वर्षापासून चित्र पाठवायला लागा. नाकारलं गेलं तर गेलं, फ्रेम परत वापरता येते.

थिअरीला नापास होणारे खूप असतात. चित्रात पहिला आणि कलेच्या इतिहासात एटीकेटी. सर्जनशील माणसाला लिहायची गरज नाही असं आम्हाला वाटायचं, युनिव्हर्सिटीला तसं वाटत नाही.

८. पैसे आणि पुन्हा ती फाईल

फी एकवेळ कमी असते, सामान खातं. महिन्याच्या खर्चात रंग-कागदाचा वेगळा खण ठेवा आणि त्यातून वडापाव खाऊ नका. सुट्टीत गणपतीच्या कारखान्यात रंगकाम, लग्नाच्या स्टेजचं काम, भिंती रंगवणं, लहान मुलांचे क्लास, हे सगळं आम्ही केलंय. गणपतीच्या कारखान्यात डोळे आखायला जुना कारागीरच बसतो, तुम्हाला पीतांबर देतील. तरी त्याच्या शेजारी बसायचं, एका श्वासात पापणीची रेघ कशी ओढतो ते बघायला.

शिष्यवृत्तीचे फॉर्म महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या वेबसाइटवर निघतात. खुल्या प्रवर्गाला पण राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. कॅपमधून आलेल्यांनाच बऱ्याच योजना लागू होतात, म्हणून मॅनेजमेंट कोट्यातून घाईने सीट घेण्याआधी हे विचारून घ्या. मुलींनी फी माफीचं वेगळं विचारायचं, आपण विचारल्याशिवाय ऑफिसात कुणी आपणहून सांगत नाही. अर्ज भरल्यावर कॉलेजच्या लॉगिनला तो पुढे ढकलला का ते क्लार्ककडे जाऊन बघा, माझा एकदा चार महिने तिथंच पडून होता.

आणि ॲडमिशन झाली म्हणून ती बटणवाली फाईल माळ्यावर टाकू नका. दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्तीचं रिन्यूअल असतं, उत्पन्नाचा दाखला परत नवीन लागतो, हॉस्टेलला परत सगळ्याच्या झेरॉक्स. माझी फाईल चारही वर्षं गादीखाली होती, शीटांच्याच पुठ्ठ्यात, त्यामुळे डोमिसाइलच्या मागच्या बाजूला अजून पातळ निळ्या रंगाचा हात आहे, कोबाल्ट ब्लू. पडताळणीवाल्यांनी एकदा विचारलं हे काय, तर म्हटलं, "सर, आकाश आहे." पुढची बाजू स्वच्छ होती म्हणून निभावलं. तुम्ही फाईल आणि शीट वेगवेगळ्या गादीखाली ठेवा.